युसूफचा उजवा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे जळगावातल्या अख्ख्या पिंप्राळ्याला माहीत आहे. मीच सांगायचो सगळ्यांना, वर ऐटीत. मोतीलालच्या सलूनमध्ये दाढी केली की बातम्या फुकट, असं म्हणून स्वतःच हसायचो. हल्ली हसत नाही. वाल्मीकची गोष्ट सांगायची तर आधी हे कबूल केलं पाहिजे, कारण त्याच्या आयुष्यात जे झालं त्यात माझा हात आहे. हात कसला, तोंडच.

वाल्मीक आमच्या पिंप्राळ्यातल्याच बौद्धवाड्यातला. बाप तो पाच वर्षांचा असतानाच गेला. आई लिलाबाई डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची. हा पंधराव्या वर्षी दाणा बाजारात पोती उचलायला लागला. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, दिवसातून साठ-सत्तर वेळा. त्याच सुमाराला सुपडू फौजी पलटणीतून पेन्शन घेऊन परत आला. पलटणीत तो बॉक्सिंग खेळलेला. त्यानं समाजमंदिरामागं लिंबाला भुशानं भरलेलं पोतं टांगलं आणि वाड्यातल्या पोरांना शिकवायला सुरुवात केली. दहा पोरं आली, नऊ महिनाभरात पळाली. वाल्मीक राहिला. मी विचारलं, का रे, दिवसभर पोतीच उचलतोस, संध्याकाळी परत पोत्यालाच कशाला झोंबतोस? तर म्हणाला, दिवसभर ते माझ्या पाठीवर बसतं, संध्याकाळी तरी माझी पाळी येऊ द्या.

पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा दाराशीच उभा राहिला. बाक रिकामा, खुर्ची रिकामी, आणि हा आपला चौकट धरून उभा. मी खेकसलो, की बस ना बाबा, का आरती ओवाळू तुझी? बसला, पण अंग चोरून. मग बोलता बोलता कळलं, त्याचं आणि माझं मूळ गाव एकच, धरणगावाकडचं. माझ्या बापानं त्याच्या बापाच्या डोक्याला कधी हात लावलेला नव्हता. गावची रीत तशी होती, आणि माझा बाप रीत मोडणाऱ्यातला नव्हता. वाल्मीकनं ते कधी बोलून दाखवलं नाही. मलाच राहवलं नाही, मी एकदा विषय काढला. तर म्हणाला, तुम्ही लावता ना हात, मोतीभाऊ, झालं तर मग. त्या दिवसापासून मी त्याला माझाच पोरगा समजायला लागलो. तो कुठं खेळायला निघाला की आदल्या दिवशी त्याची दाढी मी करायचो, आणि जिंकून आला की पेढे मी वाटायचो.

सत्त्याऐंशी साल उजाडलं तोवर वाल्मीक तीन वर्षं लागोपाठ जळगाव जिल्ह्याचा चॅम्पियन झाला होता. आणि तिकडे धुळ्याला, त्याच वजनाचा, तसाच तीन वर्षं चॅम्पियन असलेला युसूफ. यंत्रमागावर कामाला. बाप नजीर, तोच त्याचा उस्ताद. युसूफची ख्याती एकाच गोष्टीची होती, त्याचा उजवा हात. डाव्यानं तो समोरच्याला खेळवायचा आणि मग उजवा असा काही बाहेरून फिरवून आणायचा, की माणूस खाली बसून आकडेच मोजायचा. लोक नुसतं ‘युसूफचा उजवा’ म्हणायचे. गंमत अशी, की नाशिकच्या विभागीय स्पर्धेत वाल्मीक आणि युसूफ एकदाही समोरासमोर आले नव्हते. एका वर्षी युसूफला कावीळ झाली, दुसऱ्या वर्षी स्पर्धाच रद्द झाली, तिसऱ्या वर्षी दोघांचे गट वेगळे पडले. जिंकेल कोण, हे देवालाही माहीत नव्हतं. पण माझ्या दुकानात ते सगळ्यांना माहीत होतं.

वादाचं मूळ भाईदास. हा कृषी खात्यातला कारकून, धुळ्याचा, बदलीवर जळगावला आलेला आणि पिंप्राळ्यात खोली घेऊन एकटा राहणारा. वर लिंबू ठेवावं अशी मिशी. ऑफिस सुटलं की घरी न जाता आधी माझ्या बाकावर येऊन बसायचा आणि युसूफचं नाव काढायचा. मी लगेच पेटायचो. मग आरशासमोरच्या फळीवर कंगवा म्हणजे वाल्मीक आणि साबणाचा ब्रश म्हणजे युसूफ, असा सामना लागायचा. बाकाची डावी बाजू जळगावची, उजवी धुळ्याची. उजवीकडे बसणारे कोण, तर ज्यांची सासुरवाडी धुळ्याची ते. त्यांना घरी बायकोला तोंड दाखवायचं असायचं बिचाऱ्यांना.

काय काय वाद घातले आम्ही. पोती उचलणाऱ्याचे खांदे भारी की मागावर उभं राहणाऱ्याचे पाय? कळण्याच्या भाकरीत जास्त दम की पाया-सूपमध्ये? वाल्मीक चपळ, पण चपळ माणूस तिसऱ्या राउंडला दमतो, असं भाईदास म्हणायचा. युसूफचा उजवा जोरात, पण लागला तर ना, असं मी म्हणायचो. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बसलेलं असायचं, गालावर साबण वाळून जायचा, आणि मी हातातला वस्तरा हवेत नाचवत बोलतोय. दोघांना एकत्र लढताना पाहिलेला एकही माणूस त्या दुकानात नव्हता. तरी कोणी हटत नव्हतं. शेवटी एके दिवशी भाईदासनं पैज लावली, युसूफ हरला तर मिशी उतरवीन. मी म्हटलं, उलटं झालं तर मी उतरवतो. माझी मिशी म्हणजे काय, नाकाखाली दोन रेघा, पण शब्द दिला.

आणि मग खरंच ठरलं. पुढच्या जानेवारीत धुळ्याला होणारी, दोन्ही जिल्ह्यांची मिळून स्पर्धा जाहीर झाली. त्याच सुमाराला दुसरी बातमी आली. दीपनगरच्या वीज केंद्रात खेळाडूंच्या कोट्यातून एक जागा भरायची होती, आणि दोन्ही जिल्ह्यांत त्या जागेला लायक अर्ज दोघांचेच होते. धुळ्यात जो जिंकेल त्याची नोकरी पक्की. लिलाबाई एकदा दुकानापाशी थांबली. पोराच्या पाठीला पोत्यांचे घट्टे पडलेत, आता हे झालं तर बरं, एवढंच बोलली आणि गेली.

डिसेंबरातली गोष्ट. दुपारची वेळ, दुकानात वाल्मीक एकटाच. मी त्याच्या गालाला साबण लावत होतो. आमच्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते. ब्रश डोळ्याजवळ आला, की माणूस कितीही धीट असो, पापणी मिटतो. वाल्मीकची उजवी पापणी मिटली. डाव्या बाजूनं ब्रश नेला, तर पापणी हललीच नाही. पार डोळ्याच्या कडेला साबण टेकला तेव्हा दचकला. मला वाटलं, तंद्रीत असेल. पुन्हा मुद्दाम बाजूनं हात नेला. तसंच. मी ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, हे काय आहे?

त्यानं गालावरचा साबण पुसला. मग सांगितलं. मागच्या वर्षी नाशिकला डोळ्याजवळ मार बसला होता, तेव्हापासून डाव्या डोळ्याला समोरचं दिसतं, पण बाजूचं दिसत नाही. बाजूला सगळा अंधार. गुपचूप डॉक्टरला दाखवलं होतं. तो म्हणाला, आतला पडदा कडेनं सुटलाय, पुन्हा तिथं जोराचा मार लागला तर डोळा जाईल. वाल्मीकनं ठरवलं होतं, ही एक शेवटची लढत, नोकरी लागली की हातमोजे कायमचे उतरवायचे.

‘मायलेबी माहीत नही शे, मोतीभाऊ,’ तो म्हणाला, म्हणजे आईलाही त्यानं सांगितलं नव्हतं. ‘तुम्हाला दिसलं म्हणून सांगितलं. हे बाहेर गेलं तर मला रिंगमधी घेणार नाहीत. आणि त्या युसूफला कळलं तर संपलंच.’

मी वस्तऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. त्यानं काही मागितली नव्हती, मीच घेतली. मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं मला. एवढ्या मोठ्या खेळाडूचं गुपित माझ्यापाशी होतं.

दोन आठवडे मी ते पोटात ठेवलं. आयुष्यात एवढं कधी ठेवलं नव्हतं. आणि मग एका शनिवारी संध्याकाळी दुकान भरलेलं असताना भाईदास म्हणाला, की त्यानं वाल्मीकला नाशिकला स्वतः खेळताना पाहिलंय. डावीकडून मार आला की हा तोंड फिरवून पळतो. काही नाही, भित्रा आहे. सगळा बाक हसला. आमच्या बाजूचेसुद्धा हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

‘भित्रा?’ मी म्हणालो. ‘अरे, त्याला डाव्या अंगाचं दिसतच नाही. एका डोळ्यावर लढतो तो. एका डोळ्यावर तीन वर्षं झाली जिल्हा मारतोय. तुमच्या युसूफला दोन डोळे आहेत, त्याला सांग, एक झाकून ये म्हणावं.’

तीन वर्षं एका डोळ्यावर, हे तर खोटंच होतं, मार एका वर्षापूर्वीचा. पण बोलायच्या भरात त्याचं काय.  भाईदासनं मिशीवरचा हात काढला. आणि आता खरं सांगतो, लाज सोडून सांगतो. त्या क्षणी मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. वाद जिंकला होता मी.

मग एकेक जण विचारायला लागला, की खरंच का, कसं काय, आणि मी भानावर आलो. मी म्हटलं, इथली गोष्ट इथंच ठेवा रे बाबांनो. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाईदास उठला. दर शनिवारी तो धुळ्याची एसटी पकडायचा, त्या शनिवारीही पकडली.

वाल्मीकला सांगावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी समाजमंदिरामागं गेलो. तो पोत्याला ठोसे मारत होता, घामानं निथळत होता. मला पाहून हसला. म्हणाला, बसा मोतीभाऊ. मी बसलो, त्याचा सराव पाहिला, पाठ थोपटली आणि घरी आलो. तेव्हा सांगितलं असतं तर त्यानं काही तरी ठरवलं असतं. लढला असता, नसता लढला, त्याचं त्यानं बघितलं असतं. पण माझी जीभ, जी कधी थांबत नाही, ती नेमकी तिथं टाळ्याला चिकटली.

लढत जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी. आम्ही पंचवीस-तीस जण एसटीनं गेलो. पारोळ्याला गाडी थांबली तिथं भजी खाल्ली, घोषणा देऊन घसा आधीच बसवून घेतला. लिलाबाईपण आली होती, बायकांच्या पहिल्या रांगेत बसली, पदर दाताखाली धरून. मैदानावर मंडप, मधे रिंग, सगळ्या बाजूनं धुळेकर. डॉक्टर होता एक, त्यानं दोघांची छाती ऐकली, जीभ पाहिली आणि सोडलं.  युसूफचा उजवा वाल्मीकच्या डाव्या डोळ्यावरच येणार, दुसरीकडे कुठं येणार? मी मनात म्हणत होतो, भाईदासनं सांगितलं नसू दे, एवढं ऐक देवा.

पहिला राउंड. वाल्मीकनं डाव्यानं टिचक्या मारल्यासारखे ठोसे मारायला सुरुवात केली. युसूफ डाव्यानंच उत्तर देत होता. उजवा हनुवटीपाशी. लोक म्हणाले, थांबा, आत्ता काढेल. दुसरा राउंड. उजवा तिथंच. धुळेकर ओरडायला लागले, उजवा, उजवा मार. नजीर रिंगचा दोर धरून लालबुंद झाला होता, घसा फाटेस्तोवर पोराला सांगत होता. युसूफला ऐकू येतच नव्हतं जसं. तिसऱ्या राउंडला वाल्मीक दमल्यासारखा दिसला. त्याचा डावा हात छातीपर्यंत खाली आला, डावा गाल पार उघडा पडला, आणि युसूफ हातभर अंतरावर. सगळा मंडप उभा राहिला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वाल्मीक उभाच होता. शेजारचा म्हणाला, की युसूफचा उजवा कानापर्यंत वर गेला आणि तसाच खाली आला. त्यानं डाव्यानं पोटात एक हलकासा मारला आणि मागं सरकला.

घंटा झाली. पंचांनी वाल्मीकचा हात वर केला.

मी खुर्चीवर उभा राहून नाचलो. माझ्या मनावरचं ओझं असं उतरलं, की मला वाटलं, भाईदासनं सांगितलंच नाही, युसूफ खरोखरच घाबरला आमच्या पोराला. मग काय, मोतीलालचं तोंड सुटलं. युसूफ रिंगमधून खाली उतरला, बाप मागं मागं, आणि मी वाट अडवून त्यांच्या समोर उभा राहिलो.

‘काय रे,’ मी म्हणालो, ‘कितीला विकला उजवा?’

युसूफनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला ओळखत असल्यासारखं पाहिलं, आणि ते मला तेव्हा कळलं नाही. नजीरनं मात्र ऐकलं. आजूबाजूच्या दहा-वीस जणांनी ऐकलं. बापानं पोराच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि एकटाच पुढं निघून गेला. आमची एसटी सुटेपर्यंत स्टँडवर चहाच्या टपरीवर तोच शब्द ऐकू येत होता, युसूफ विकला गेला. शब्द माझा होता. मी तेव्हा त्याचाही अभिमान मिरवला.

मंगळवारी भाईदास दुकानात आला. मला वाटलं होतं, महिनाभर तोंड लपवेल. पण आला, सरळ खुर्चीत बसला आणि म्हणाला, उतरवा. मी काय सोडतो. बाकावरच्या सगळ्यांना उभं केलं, मिशीला साबण लावायच्या आधी दोन शब्द भाषण केलं, मग सावकाश, एका बाजूनं, गिऱ्हाइकांना दाखवत दाखवत उतरवली. भाईदास डोळे मिटून बसला होता.  त्यानंतर तो माझ्या दुकानात यायचा बंद झाला. रस्त्यात दिसला की मी मुद्दाम नाकाखालून बोट फिरवायचो.

एप्रिलात वाल्मीकला नोकरी लागली. तो आणि लिलाबाई दीपनगरला राहायला गेले. जायच्या आधी दाढीला आला होता. मला म्हणाला, मोतीभाऊ, युसूफनं उजवा काढलाच नाही, का बरं काढला नसेल? मी म्हटलं, टरकला तुला, दुसरं काय. तो हं म्हणाला आणि खुर्चीतून उठला.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये भाईदासची बदली पिंपळनेरला झाली. सामान टेम्पोत चढवून झाल्यावर तो निरोप घ्यायला आला. मिशी परत वाढलेली होती, पण पहिल्यासारखी नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो बाकावर बसला आणि म्हणाला, की मोतीभाऊ, एक गोष्ट पोटात घेऊन मला इथून जायचं नाही.

त्या शनिवारी तो एसटीतून उतरला तो थेट युसूफच्या घरी गेला होता. वाल्मीकचा डावा डोळा अधू आहे, उजवा तिथंच मार, हे त्यानं युसूफला सांगितलं, आणि हे मोतीलाल न्हाव्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, हेही. त्याला वाटलं होतं, पोरगा खूश होईल. युसूफ मागावरून नुकताच आला होता, हातपाय धूत होता. ऐकून तसाच ओल्या हातानं उभा राहिला.

‘भाईदासचाचा, ये मेरे को क्यूँ बताया?’ तो म्हणाला होता. ‘अब उधर हात कैसे जाएगा मेरा?’

भाईदास म्हणाला, की मी त्याला समजावलं, खेळ आहे, त्यात काय. तर त्यानं विचारलं, त्याची आँख गेली तर त्याच्या अम्मीला काय सांगू, खेळ होता म्हणून? बापाला मात्र युसूफनं यातलं काहीच कळू दिलं नाही. बापाला कळलं असतं तर त्यानं पंचांकडे तक्रार केली असती, वाल्मीक बाद झाला असता. आणि नंतर, विकला गेला म्हणून सगळी गल्ली त्याच्यावर थुंकायला लागली, तेव्हाही तो बोलला नाही, कारण डोळ्याची गोष्ट फुटली असती तर वाल्मीकची नोकरी गेली असती. बाप त्याच्याशी अजून बोलत नव्हता. युसूफ मागावरच होता आणि मागावरच राहणार होता. भाईदास म्हणाला, मिशी मी पैजेची म्हणून नाही दिली हो. मला वाटलं, तेवढी तरी शिक्षा व्हावी.

तो गेला. मी शटर अर्धं ओढलं आणि खुर्चीत बसलो. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. समोर आरसा होता, पण मी त्यात बघितलं नाही. मला त्या पोराचा चेहरा आठवत होता, घामानं भरलेला, आणि त्याच्यासमोर मी छाती काढून उभा. त्यानं माझ्याच माणसाचा डोळा वाचवला होता, माझ्याच तोंडापासून. आणि मी त्याला, त्याच्या बापासमोर, विचारलं होतं, कितीला विकलास.

पुढं दोन वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो. म्हणायचो, मी बोललो म्हणूनच वाल्मीकचा डोळा वाचला ना? मी गप्प बसलो असतो तर युसूफनं उजवा मारलाच असता. झालं ते बरंच झालं की. हिशेब चोख वाटायचा, आणि वाटला की माझी मलाच किळस यायची. धुळ्याला जायला दोनदा निघालो. एकदा पारोळ्याला उतरलो आणि दुसऱ्या गाडीनं परत आलो. दुसऱ्यांदा तर जळगावच्या स्टँडवरूनच घरी आलो.

शेवटी एक्याण्णवमध्ये, एका सोमवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, मी दीपनगरला गेलो. वाल्मीकचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. दोरीवरच्या कपड्यांवर चिमणीची राख बसलेली. लिलाबाईनं दारातच ओळखलं, हात धरून आत नेलं. वाल्मीक पहिली पाळी करून आलेला होता. अंग भरलं होतं, केस थोडे गेले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, एक कॅलेंडर. धुळ्याला जिंकलेला कप कुठं दिसेना. मी विचारलं तर लिलाबाईच कुरकुरली, की ह्यानं तो पेटीत गोधड्यांखाली घालून ठेवलाय, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवूसुद्धा देत नाही. मग ती भाकरी टाकायला आत गेली.

मी सगळं सांगितलं. शपथ घेऊन बोललो कसा, भाईदास, युसूफ, विकण्याचा शब्द माझाच, सगळं. सांगताना त्याच्याकडे बघता येत नव्हतं, म्हणून फरशीकडे बघून सांगितलं.  मला वाटलं, आता हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं.

‘मला माहीत आहे,’ तो म्हणाला.

कसं, ते मी विचारायची गरज नव्हती. तोच सांगायला लागला, अगदी हळू, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये असं. दुसऱ्या राउंडलाच त्याला शंका आली होती. युसूफसारखा माणूस आणि डाव्या बाजूनं एकही मार नाही, असं कसं?

‘तिसऱ्याला मी दमलो नव्हतो, मोतीभाऊ. मी मुद्दाम डावा हात खाली घेतला. म्हटलं, मार. डोळा गेला तर गेला. त्यानं हात उचलला आणि माझ्याकडे पाहिलं, आणि खाली घेतला. तेव्हा समजलो, ह्याला माहीत आहे. आणि माहीत फक्त तुम्हाला होतं.’

मी म्हटलं, मग तू मला तेव्हाच का नाही विचारलंस? तो म्हणाला, विचारलं होतं की, दाढी करताना. तुम्ही म्हणालात, टरकला.

  मी माफ कर म्हणालो. त्यावर तो हसला, पण ते हसणं मला नको होतं. म्हणाला, माझी माफी कशाला मागता, मी कोण चांगला आहे? त्याच वेळी पंचाला सांगायला पाहिजे होतं, की ही लढत खरी नाही. समोर माय बसलेली होती. पोती आठवली. पंचानं हात वर केला, मी करू दिला. एकदा धुळ्याला गेलो होतो, युसूफच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि परत आलो.

‘तुम्ही तिकडे दुकानात बसून भांडायचे ना, जिंकेल कोण म्हणून,’ तो म्हणाला. ‘मलापण ते बघायचं होतं. सहा वर्षं त्याच्यासाठीच मार खाल्ला. आता ते कोणालाच कळायचं नाही. त्यालाही नाही, मलाही नाही.’

तेवढ्यात लिलाबाई ताटं घेऊन बाहेर आली. भरीत, भाकरी, कांदा. मी म्हटलं, निघतो, गाडी आहे. तिनं ऐकलं नाही, खांदे दाबून खाली बसवलं. आम्ही दोघं समोरासमोर जेवायला बसलो, खाली माना घालून. तिनं माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

‘मना पोऱ्याले नवकरी लागनी ती तुनामुये, मोतीभाऊ,’ ती म्हणाली. ‘बठ्ठासले मी हाईज सांगस.’ सगळ्यांना ती हेच सांगायची, तिला आठवत होते ते माझे पेढे आणि माझ्या घोषणा.

वाल्मीकचा घास हातातच राहिला. त्यानं वर पाहिलं नाही, मीही नाही. म्हातारी बोलली ते खोटं नव्हतं, आणि मला ते खरं आहे असंही म्हणता येईना. मी भाकरी मोडली आणि जेवायला लागलो.